पट्टी झाकून पाहा

२८ जुलै २०२५ च्या सोमवारी नागपूरच्या धरमपेठेतल्या पुष्कळांना एकाएकी बुद्धिबळ कळू लागलं. घोडा अडीच घरं जातो आणि उंट तिरपा, एवढ्यावर ज्यांचं ज्ञान संपतं, तेही ‘हंपी चुकली’, ‘आता दिव्याचा डाव वर आहे’ असं छातीठोकपणे सांगत होते. जॉर्जियातल्या बातुमी शहरात, काळ्या समुद्राच्या काठी, महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचे निर्णायक जलद डाव सुरू होते. एका बाजूला आंध्रची कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, जिथे जमेल तिथे लोकांनी मोबाइल उघडले होते. मीही पाहत होतो. माझं बुद्धिबळ शाळेत सुटलं ते सुटलंच, त्यामुळे डावांचं विश्लेषण या लेखात मिळणार नाही. मला बोलायचं आहे ते पाहणाऱ्यांबद्दल.

आम्हा सगळ्यांच्या ज्ञानाचा उगम पडद्याच्या कडेला होता. पटाशेजारी एक उभी पट्टी असते, काही भाग पांढरा, काही काळा. पांढरा भाग वाढला की पांढऱ्या मोहऱ्यांचा वरचष्मा, काळा वाढला की काळ्यांचा. सोबत एक आकडा असतो. अधिक एक म्हणजे ढोबळमानानं पांढऱ्याकडे एका प्याद्याइतकी आघाडी. हे सगळं ठरवतो स्टॉकफिशसारखा संगणकी प्रोग्राम. १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला ‘डीप ब्लू’ नावाचा अवजड, खास बांधलेला संगणक लागला होता. आज कोणत्याही विश्वविजेत्याहून सरस खेळणारा प्रोग्राम खिशातल्या फोनवर फुकट चालतो. त्यानं लाखो शक्यता तपासून काढलेला निष्कर्ष एका पट्टीत मावतो, आणि ती पट्टी वाचायला बुद्धिबळ यावं लागत नाही. पांढरं किती, काळं किती, एवढं दिसलं की झालं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. खेळ न कळता तो पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. न कळता निवाडा करण्याचा नाही. या दोन गोष्टींमध्ये पूर्वी एक उंबरठा होता. पट्टीनं तो काढून टाकला, आणि आपल्या ते लक्षातही आलं नाही.

बुद्धिबळाच्या पटाशेजारी उभा राहून चाली सांगणारा माणूस काही नवा नाही. वाड्याच्या ओसरीवर, वसतिगृहाच्या खोलीत, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत तो हमखास असायचा. ‘अरे, हत्ती घे ना पुढे!’ म्हणून ओरडायचा. खेळणारे वैतागायचे, कधी त्याला गप्प बसवायचे, कधी मुद्दाम त्याचंच ऐकायचे. हत्ती पुढे जायचा, दोन चालींत वजीर पडायचा, आणि सल्लागाराचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. त्याच्या आगाऊपणाला एक किंमत होती. तो स्वतःच्या डोक्यानं बोलत होता, म्हणून स्वतःच्या नावावर चुकत होता. आजचा पट्टी पाहणारा कधीच चुकत नाही, कारण तो काही म्हणतच नाही. बोलते ती पट्टी, तो फक्त आवाज देतो. स्वतःच्या मांडीवर गणिताचं गाइड उघडून, परीक्षेला बसलेल्या मुलाला ‘एवढं येत नाही तुला?’ म्हणणाऱ्या माणसासारखी आपली अवस्था झाली आहे.

याचं मोठं उदाहरण १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये घडलं. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव. चीनचा विश्वविजेता डिंग लिरेन आणि आपला अठरा वर्षांचा डी. गुकेश. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीकडे चालला होता आणि पट्टीही बराच वेळ मधोमध उभी होती. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एका घरावर आणला आणि पट्टी कोसळली. जगभर पाहणाऱ्या लाखोंना त्या क्षणी कळलं, की डिंग हरला. कळलं नव्हतं ते एका माणसाला, खुद्द गुकेशला. आपण पुढची साधी चाल करायच्या बेतात होतो, मग ती चूक लक्षात आली, असं त्यानं नंतर सांगितलं. म्हणजे काही सेकंद असे होते, की बुद्धिबळाचा होऊ घातलेला विश्वविजेता अंधारात होता आणि प्यादी कशी मांडतात हे विसरलेला माणूस उजेडात. पुढे काय झालं? गुकेशच्या अनेक तासांच्या चिवटपणाचं कौतुक झालं, पण त्याहून जास्त गाजली ती डिंगची चूक. माजी विश्वविजेता व्लादिमीर क्रामनिकनंही जाहीर नाराजी व्यक्त केली. तो निदान त्या पातळीवर खेळलेला होता. आपण कशाच्या बळावर हसलो?

‘पण यातच तर गंमत आहे,’ असं कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नसतं ते प्रेक्षकाला ठाऊक असलं, की नाटकाला धार येते. पडद्यामागे कोण लपलंय हे आपल्याला माहीत असतं, नायकाला नसतं, आणि आपण खुर्चीच्या कडेवर येतो. पट्टी तशीच आहे. वाचवणारी एकच चाल आहे, ती खेळाडूला सापडेल का, हा प्रश्न आपला श्वास रोखून धरतो. मान्य. पण नाटकात पात्राच्या अज्ञानाची आपल्याला कणव येते. लेखकानं ते अज्ञान कसं निर्माण झालं हे दाखवलेलं असतं. पात्राला कोणी फसवलं, कोणी भुलवलं, त्याचा स्वभाव कुठे आड आला, हे सगळं आपण पाहिलेलं असतं. पट्टी यातलं काहीच दाखवत नाही. तिच्या लेखी स्थिती आहे, माणूस नाही. घड्याळात किती मिनिटं उरली, कालची रात्र कशी गेली, हा डाव हरलो तर पुढच्या वर्षभराचं काय, हे तिच्या हिशेबात येत नाही. म्हणून नाटकात जिथे आपला जीव टांगणीला लागतो, तिथे पट्टीसमोर आपण हसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पट्टी नसती तर आमच्यासारख्यांनी हा सामना पाहिलाच नसता. दोन माणसं तासन्‌तास डोकं धरून बसलेली, त्यात पाहायचं काय? पट्टीनं घराघरात बुद्धिबळ नेलं. प्रेक्षक आले म्हणून प्रायोजक आले, प्रायोजक आले म्हणून बक्षिसं वाढली. बातुमीत विजेतीला ५० हजार डॉलर आणि उपविजेतीला ३५ हजार डॉलर मिळणार होते, त्या पैशाच्या मागे कुठेतरी आमच्यासारखे अडाणी प्रेक्षकही आहेत. हे मी नाकारत नाही. जाणकारांनीच पाहावं असा फतवा काढला, तर कोणताही खेळ पाच-पन्नास लोकांचा खासगी छंद होऊन बसेल. अडाणी प्रेक्षक खेळाला हवाच. पण दारातून आत आणणं एक, आणि आत आल्याबरोबर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवणं दुसरं. पट्टी या दोन्ही गोष्टी एकदम करते. पहिल्या कामाबद्दल तिचे आभार मानताना दुसऱ्या कामाची वसुली कोणाकडून होते, हे पाहायला हवं.

ती वसुली खेळाडूकडून होते, आणि आपल्याकडूनही, कारण पट्टीवर डोळे खिळले की समोर घडणारं दिसेनासं होतं. बातुमीतल्या अंतिम लढतीच्या त्या तीन दिवसांत दिसण्यासारखं काय काय होतं ते आठवून पाहा. २६ आणि २७ जुलैचे दोन्ही नेहमीच्या वेळेचे डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याच्या हातून मोठी संधी निसटली, असं संगणक सांगत होता. हंपी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी जगातली सर्वांत लहान महिला ग्रँडमास्टर. तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. ती जन्मली डिसेंबर २००५ मध्ये. अडतीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली, जलद बुद्धिबळात २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जगज्जेती झालेली हंपी, आणि तिच्याच जागतिक कीर्तीच्या सावलीत पट मांडायला शिकलेली मुलगी समोरासमोर बसल्या होत्या. त्यातही निर्णायक डाव जलद होते, म्हणजे हंपीच्या हातखंड्याचे. ज्या पिढीनं रस्ता केला तिलाच ओलांडून दिव्याला पुढे जायचं होतं, तेही त्याच देशाच्या झेंड्याखाली. हे बघायला बुद्धिबळ यावं लागत नाही. डोळे पटावर आणि माणसांवर असावे लागतात.

पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. शेवटच्या टप्प्यात घड्याळं संपत आली आणि पट्टी इकडून तिकडे हलू लागली. आम्ही कडेच्या रंगाबरोबर हरखत होतो, हिरमुसत होतो. अखेर हंपीनं डाव सोडला. जिंकल्यावर दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ती आईला बिलगली. त्यानंतर ती जे बोलली त्याकडे कमी लोकांनी लक्ष दिलं. डावाचा शेवट आपण बिघडवला होता, आपल्याला डावाचा शेवट खेळायला शिकायला हवं, अशा अर्थाचं ती म्हणाली. जग जिंकल्यानंतर पहिल्याच मुलाखतीत! आपली चूक तिला पट्टीशिवाय माहीत होती. आम्हाला पट्टीमुळे माहीत होती. तिला ती का चूक होती हे कळत होतं, आम्हाला फक्त चूक होती एवढंच. तिच्या आणि आमच्या माहितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तरी बोलण्यात आम्ही तिच्यापेक्षा जास्त ठाम होतो.

क्रिकेटच्या बाबतीत नागपूरकर इतका परावलंबी नाही, असं सांगता येईल. गल्लीत प्रत्येकानं बॅट धरलेली असते, त्यामुळे उसळता चेंडू अंगावर आला की काय होतं हे शरीराला माहीत असतं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्धचा विश्वचषकाचा सामना ज्यांनी पाहिला, ते आजही त्याबद्दल बोलतात. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे त्रिफळे एकापाठोपाठ उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. मग सुनील गावस्करनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, त्याच्या आयुष्यातलं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक. त्या दिवशी नुसतं जिंकून भागणार नव्हतं. गटात पहिलं यायचं तर धावगती राखून लवकर जिंकायचं होतं, म्हणजे उपांत्य सामना मुंबईत, नाही तर पाकिस्तानात. भारतानं २२१ चा आकडा ३३ षटकांच्या आतच ओलांडला. ते गणित कडेला उभी राहून सांगणारी पट्टी तेव्हा नव्हती. ज्याला ते हवं होतं त्यानं ते स्वतः मांडायचं होतं.

पण खेळ कळला म्हणजे माणूस निवाड्याच्या मोहातून सुटतो, असंही नाही. १२ मार्च २०११ ची नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरची संध्याकाळ घ्या. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विश्वचषकाचा सामना, सचिन तेंडुलकरचं १११ धावांचं शतक, त्याचं नव्व्याण्णववं आंतरराष्ट्रीय शतक. भारत एक बाद २६७ वर होता. आजच्यासारखे ‘जिंकण्याची शक्यता’ दाखवणारे आकडे तेव्हा पडद्यावर असते, तर त्यांनी भारताला नक्कीच भरभरून गुण दिले असते. उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले, २९६ वर सगळे बाद. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या होत्या. आशिष नेहराच्या चार चेंडूंत त्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत नाव होतं ते नेहराचं. नऊ गडी घालवणाऱ्या फलंदाजीपेक्षा शेवटचे चार चेंडू जास्त लक्षात राहिले, कारण निकाल तिथे लागला होता. सामन्यानंतर कर्णधार धोनीनं फलंदाजांना सुनावलं ते मोलाचं होतं. प्रेक्षकांसाठी खेळू नका, देशासाठी खेळा, अशा आशयाचं तो बोलला. म्हणजे गॅलरीतल्या आरोळ्यांचा हिशेब खेळाडूच्या डोक्यात शिरतो आणि त्याचे परिणाम धावफलकावर उमटतात. मग शिव्याही गॅलरीच देते. त्याच संघानं एकवीस दिवसांनी मुंबईत विश्वचषक जिंकला, आणि नेहराला शिव्या देणारे लक्ष्मीभुवन चौकात नाचले. बुद्धिबळातला अडाणी आणि क्रिकेटमधला जाणता, दोघांचा आजार एकच. खेळ चालू असतानाच त्याला निकालात बदलून टाकायची घाई.

या घाईचं सर्वांत कुरूप रूप पटाच्या बाहेर दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या टाटा स्टील स्पर्धेत दिव्या खेळली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. स्पर्धेनंतर तिनं समाजमाध्यमावर लिहिलं, की प्रेक्षकांचं लक्ष आपल्या खेळाकडे नव्हतं. कपडे, केस, बोलण्याची ढब, ज्याचा बुद्धिबळाशी संबंध नाही अशा सगळ्या गोष्टींकडे होतं. पुरुष खेळाडूंच्या मुलाखतींखाली त्यांच्या डावांची चर्चा होते, मुलींच्या मुलाखतींखाली नाही, हे तिचं निरीक्षण होतं. यावर ‘लोकांची वृत्तीच वाईट’ म्हणून आपण हात झटकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला डाव कळत नाही आणि न कळल्याची लाजही वाटत नाही, तो आपल्याला कळतं त्याच्याकडे वळतो. कपडे सगळ्यांना कळतात. हेल सगळ्यांना ऐकू येतो. पटावर मत द्यायची ऐपत नसली की माणूस बाईवर मत देतो. पट्टीवर बोट ठेवून ‘चुकली’ म्हणणारा आणि केसांवर बोट ठेवणारा, दोघांनी एकच गोष्ट टाळलेली असते. डाव पाहणं.

हे आजचं नाही. महाराष्ट्रातल्या खाडिलकर भगिनींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, महिलांच्या राष्ट्रीय बुद्धिबळावर बराच काळ राज्य केलं. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मुलीनं पुरुषांविरुद्ध खेळावं की नाही यावर वाद पेटला. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं. महिलांना अडवता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तिच्या चालींपेक्षा तिचं पटासमोर बसणंच लोकांच्या डोळ्यांत भरलं होतं. बातुमी ज्या जॉर्जियात आहे त्या देशानं तर महिला बुद्धिबळाला नोना गाप्रिंदाश्विली दिली. १९६२ ते १९७८ विश्वविजेती, आणि ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी पहिली महिला. तिनं पुरुषांविरुद्ध डझनावारी डाव खेळले. पण २०२० च्या एका गाजलेल्या वेबमालिकेत, ज्या मालिकेनं जगभर कोट्यवधी नवे बुद्धिबळ-प्रेक्षक तयार केले, नोनाबद्दल सहज म्हटलं गेलं की ती कधी पुरुषांशी खेळलीच नाही. ऐंशी उलटलेल्या नोनानं खटला भरला, २०२२ मध्ये तो तडजोडीनं मिटला. हौशी प्रेक्षकाला सोपी गोष्ट हवी म्हणून खरी खेळाडू बाजूला सारली गेली. नव्या प्रेक्षकांसाठी खेळ सोपा करताना कोणाचा खेळ पुसला जातो, हे विचारावंच लागतं.

आता ‘आपली दिव्या’ या शब्दांकडे येऊ. उपांत्यपूर्व फेरीत चार भारतीय होत्या, हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या, तेव्हा आपण भारताचे होतो. उपांत्यपूर्व फेरीत दिव्यानं हरिकाला हरवलं, पुढे चीनच्या तान झोंगयीला. अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारत आला आणि आपण झटकन नागपूरचे झालो. यात गैर काही नाही, आपुलकीला असाच जवळचा पत्ता लागतो. पण या आपुलकीचं वय किती, हा प्रश्न उरतो. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. शेजारच्या अमरावतीचा स्वप्नील धोपाडे त्याही आधी. दिव्यानं स्वतः २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघासोबत सुवर्ण आणि शिवाय वैयक्तिक सुवर्णही मिळवलं होतं. त्याच वर्षी ती वीस वर्षांखालच्या मुलींमध्ये जगज्जेती झाली. तेव्हा धरमपेठेतले किती मोबाइल उघडे होते? शहरालाही एक पट्टी असते. ती मोठ्या आकड्याशिवाय हलत नाही. विश्वचषक आला, पट्टी वर गेली, विमानतळावर गर्दी झाली, २ ऑगस्टला राज्य सरकारनं तीन कोटी रुपयांचं बक्षीस देऊन सत्कार केला. तो तिचा हक्कच होता. पण सत्कार निकालाचा होतो, आणि निकाल लागेपर्यंतची वर्षं पट्टीवर दिसत नाहीत.

ती वर्षं कशी असतात याची एक खूण बघा. दिव्याचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी २०२० मध्ये, चाळिशीतच, गेले. ती ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. नागपुरात त्यांनी लहान मुलांना पट मांडून शिकवलं तेव्हा ना कॅमेरा होता, ना काठावर आरडाओरडा करणारे आम्ही. दिव्या बातुमीला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता, एरवी तीन लागतात आणि शिवाय २५०० चं रेटिंग. विश्वचषक जिंकला म्हणून किताब थेट मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, महिलांमध्ये चौथी. पंधरावं मानांकन असलेल्या मुलीनं दुसरं मानांकन असलेल्या झू जिनरला चौथ्या फेरीत बाहेर काढलं होतं. स्पर्धेपूर्वी पट्टी लावली असती तर तिनं दिव्याच्या नावापुढे काय दाखवलं असतं? आणि बातुमीत उतरलेल्या १०७ जणींपैकी विजेती होऊन परतणार होती ती एकच. बाकीच्या सगळ्या, हंपीसकट, कुठे ना कुठे अडल्या. तरी त्यांनी डाव मांडले. त्या खेळल्या नसत्या तर जिंकायला काही उरलंच नसतं.

मग अडाण्यानं करावं काय? पाहणं सोडावं? मुळीच नाही. न कळण्यात एक मोकळेपणा असतो आणि तो जाणकाराच्या नशिबी नसतो. जाणकाराला पहिल्या दहा चाली पाठ असतात, त्याला त्यात नवल वाटत नाही. आपल्याला वाटतं. एक माणूस वीस मिनिटं एका चालीवर अडून बसतो आणि मग प्यादं फक्त एक घर सरकवतो, यात केवढं काय दडलेलं असेल, हे कुतूहल आपल्याजवळ ताजं आहे. पट्टी ते कुतूहल पहिल्या सेकंदात मारते. प्यादं सरकलं, आकडा हलला, विषय संपला. वीस मिनिटं कशासाठी गेली हे विचारायचं राहूनच जातं. ‘कोण जिंकतंय?’ या प्रश्नाला आपण इतके सरावलो आहोत, की ‘ती आता कसला विचार करत असेल?’ हा प्रश्न सुचतच नाही. खेळ पाहणं या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं.

सर्वसामान्य प्रेक्षकाची बाजू मी मांडतो आहे, कारण मी त्यातलाच आहे. आम्ही नसलो तर गॅलऱ्या रिकाम्या, प्रायोजक गायब आणि वर्तमानपत्राचं शेवटचं पान कोरं. पण गर्दी होऊन आपण खेळाला जे देतो त्याच्या बदल्यात खेळाडूंचा न्यायाधीश होण्याचा परवाना मिळत नाही. खेळाडूचा न्याय समोर बसलेला प्रतिस्पर्धी करतो, घड्याळ करतं, आणि डाव संपल्यावर खेळाडू स्वतःच करतो. जिंकूनही ‘शेवट शिकायला हवा’ म्हणणाऱ्या मुलीला आमच्या निवाड्याची गरज नव्हती.

विश्वचषकामुळे दिव्याला जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या, २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेचं दार उघडलं. अशा मोठ्या स्पर्धा पुढेही होत राहतील, नागपूरचं कोणी ना कोणी त्यांत खेळेल आणि आपण पुन्हा मोबाइल उघडू. तेव्हा एक डाव असा पाहा. प्रक्षेपणात सोय असेल तर पट्टी बंद करा, नसेल तर अंगठ्यानं झाका. एक पट घरी मांडून ठेवा. खेळाडू विचारात बुडाली की तुम्हीही एक चाल निवडा, आणि ती काय करते ते बघा. तुमची चाल बहुतेक वेळा चुकेल. चुकू द्या, ती तुमची असेल. शेजारचं पोर शिकत असेल तर त्याला जवळ बसवा आणि विचारा, तिनं असं का केलं असेल. हंपी हरली तर ती कोणत्या चालीला अडली ते शोधा, दिव्या जिंकली तर ती कुठे वाचली ते शोधा. डाव संपला की पट्टी खुशाल उघडा आणि तुमचा अंदाज तपासा. तोवर तिच्याकडे बघू नका. एवढं केलंत तर एका डावात तुम्हाला बुद्धिबळ येणार नाही, पण तुम्ही पहिल्यांदाच तो डाव पाहिलेला असेल.